एआय एजंटच्या हाती ठिबक संच देण्याआधी साधनाचे माहितीपत्रक नीट लिहा

मुक्ताईनगर, रावेर, यावल या केळी पट्ट्यात मोबाइल स्टार्टर, स्वयंचलित व्हॉल्व्ह आणि ओलावा मोजणारे सेन्सर वापरात येत आहेत. राज्य शासनाने २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले आहे. 'महाविस्तार' ॲपवर मराठीतून प्रश्नही विचारता येतात. असे सहायक फक्त सल्ला देतात. एआय एजंट मात्र जोडलेली साधने स्वतः चालवू शकतो, म्हणजे पंप सुरू करतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि खत सोडतो. चुकीचा सल्ला तुम्ही वाचून बाजूला ठेवता. एजंटची चूक लक्षात येईपर्यंत खत मुळाशी पोचलेले असते.

एजंटला बाग दिसत नाही. साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि भरायचे रकाने एवढ्यावरच तो निर्णय घेतो. म्हणून हे वर्णन कीटकनाशकाच्या माहितीपत्रकाइतकेच काटेकोर हवे.

एकक लिहिले नाही तर काय होते?

केळीसाठी प्रति झाड २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश अशी शिफारस आहे. माती परीक्षणानुसार त्यात बदल करावा. आता समजा, साधनाच्या रकान्यात फक्त 'मात्रा: २००' लिहिले आहे. हे नत्र की युरिया? युरियात ४६ टक्के नत्र असते. २०० ग्रॅम नत्रासाठी सुमारे ४३५ ग्रॅम युरिया लागतो. एजंटने २०० ग्रॅम युरिया धरला, तर झाडाला फक्त ९२ ग्रॅम नत्र मिळेल.

दुसरा घोटाळा झाडांच्या संख्येचा. फर्टिगेशनच्या प्रचलित वेळापत्रकात १७ ते २८ आठवड्यांच्या काळात दर आठवड्याला १३.५ किलो युरिया दिलेला असतो, तो १००० झाडांसाठी. ५ × ५ फूट लागवडीत एकरी सुमारे १७४२ झाडे बसतात, म्हणजे एकरी साधारण २३.५ किलो युरिया लागेल. 'प्रति १००० झाडे' हे शब्द गळाले, तर ऐन वाढीच्या काळात बाग उपाशी राहते.

माहितीपत्रकात काय असावे?

- काम: साधन काय करते आणि काय करत नाही, हे एका वाक्यात लिहा. 'ओलावा वाचते. पंप सुरू करत नाही.'
- एकक: प्रत्येक आकड्यापुढे किलो, लिटर किंवा मिनिटे लिहा. तो प्रति झाड, प्रति १००० झाडे की प्रति एकर, तेही लिहा.
- मर्यादा: एका वेळी आणि एका दिवसात जास्तीत जास्त किती, हे नोंदवा.
- पूर्वअट: पंप चालू असून ठिबक नळीत पुरेसा दाब आल्याशिवाय खताचा व्हॉल्व्ह उघडू नये.
- परवानगी: माहिती वाचणे एजंटवर सोपवा. खत सोडण्याआधी मात्र मालकाचा होकार सक्तीचा ठेवा.
- अडचण: 'एरर ५' असा संदेश उपयोगाचा नाही. 'दाब कमी आहे, खत सोडले नाही, फिल्टर तपासा' असे लिहा.
- उदाहरण: एक बरोबर सूचना आणि एक नाकारली जाणारी सूचना द्या.

तीच सूचना दोनदा गेली तर?

रात्रीच्या पाळीत वीज किंवा नेटवर्क गेले की साधनाकडून उत्तर येत नाही. काम झालेच नाही असे समजून एजंट पुन्हा सूचना पाठवू शकतो. ओलावा दोनदा वाचला तर काही बिघडत नाही, पण खत दोनदा गेले तर मुळांना इजा होते आणि पैसाही जातो. म्हणून पत्रकात स्पष्ट लिहा: 'उत्तर न आल्यास पुन्हा चालवू नका. आधी आजची नोंद तपासा, शंका असल्यास मालकाला विचारा.'

एजंटला साधने जोडण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या खुल्या मानकातही अशा खुणांची सोय आहे. साधन फक्त वाचणारे आहे का, नुकसान करू शकते का, पुन्हा चालवले तर चालेल का, हे त्यात सांगता येते. पण या केवळ सूचना आहेत, कुलूप नव्हे. कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण धोका सांगतो, पण झाकण उघडण्यापासून कोणाला अडवत नाही. म्हणून कमाल मर्यादा पत्रकात लिहाच, शिवाय ती कंट्रोलरमध्येही बसवून घ्या.

जोडणीपूर्वी हे करा

१. विक्रेत्याकडून प्रत्येक साधनाचे मराठी माहितीपत्रक मागा.
२. संच कधीही न पाहिलेल्या व्यक्तीला ते वाचायला द्या. तिला जिथे प्रश्न पडेल, तिथे एजंट अंदाज बांधेल. ते वाक्य सुधारा.
३. खताच्या टाकीत साधे पाणी भरून चाचणी घ्या. मुद्दाम नेटवर्क बंद करा आणि चुकीचा आकडा देऊन पाहा.
४. बागेतील झाडांची संख्या, पंप किंवा खताचा प्रकार बदलला की पत्रक त्याच दिवशी बदला आणि तारीख टाका.
५. हाताने बंद होणारा मुख्य व्हॉल्व्ह कायम ठेवा आणि तो कुठे आहे, हे घरातील सर्वांना दाखवा.

सहायक कृषी अधिकारी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी गावातील संचांसाठी एकच नमुना पत्रक ठरवले, तर एका बागेत सापडलेली त्रुटी सर्वांच्या पत्रकात दुरुस्त करता येईल.