पानफुटीची आंबट पहाट

नातेपुत्याहून एका वाचकभगिनींनी विचारले आहे की, ओसरीवरच्या तुळशीला आणि तिच्या शेजारच्या पानफुटीला उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळ सारखेच पाणी घातले असता तुळस टवटवीत राहिली, पानफुटी मात्र बुंध्याशी काळी पडून कुजली, हे कसे? पाणी सारखे घातले, हेच त्याचे कारण होय.

तुळशीची पर्णरंध्रे जुन्या गावाच्या वेशीसारखी दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात. कार्बन डायऑक्साइडची आवक आणि बाष्पाची जावक एकाच दरवाजाने चालत असल्यामुळे अन्न मिळवायचे तर पाणी खर्चावेच लागते, आणि सोलापूर जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या वर गेला म्हणजे हा खर्च कुंडीतल्या मूठभर मुळांना झेपेनासा होतो. वैशाखात तुळशीवर बारीक छिद्राची गळती टांगून दिवसभर थेंब थेंब पाणी पाडण्याचा जो शिरस्ता वाडवडिलांनी घालून दिला, त्यात भक्तीबरोबर केवढे सूक्ष्म निरीक्षण होते! चैत्रात खांद्यावरच्या कावडी मुंगी घाट चढून शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाला पाणी घालतात, त्या मुलखात थेंबाचे मोल निराळे सांगावयास नको.

पानफुटीची वेस मात्र रात्रीच्या गारव्यात उघडते, म्हणून तिचा पाण्याचा खर्च थोडा, आणि तुळशीइतके घातलेले पाणी तिच्या मातीत साचून राहते. या रात्रीच्या व्यवहाराची खूण ज्याच्या जिभेने टिपली, त्या बेंजामिन हाइने या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव आपल्याकडे क्वचितच कोणाला ठाऊक असावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. कंपनी सरकारच्या नोकरीत समालकोटच्या बागेची व्यवस्था पाहिलेल्या आणि मॅकेंझीच्या म्हैसूर पाहणीत काम केलेल्या या गृहस्थाने १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीतील लॅम्बर्ट यांस पत्राने कळविले की, पानफुटीचे पान सकाळी चुक्याइतके आंबट लागते, दुपारी बेचव होते आणि सायंकाळी किंचित कडवट. ना तराजू, ना रसायनशाळा! रात्री आत घेतलेला वायू मॅलिक अम्लाच्या रूपाने पेशींच्या कोठारात जमा होतो, आणि दिवसा दरवाजे लावून घेऊन, उजेडाच्या साहाय्याने त्याच मालापासून साखर तयार केली जाते. आंबटपणा ओसरतो तो यामुळे. या व्यवहाराचा उलगडा होण्यास पुढे शतकाहून अधिक काळ लागला, आणि त्यास नाव मिळाले ते पानफुटीच्या क्रॅसुलेसी कुलाचे, हाइनेचे नव्हे.

मी स्वतः पहाटे पाच वाजता पानाचा तुकडा दाताखाली धरला, तेव्हा कच्च्या कैरीसारखा आंबट रस जिभेवर उतरला. त्याच फांदीचे दुसरे पान दुपारी तीनला निव्वळ गवतासारखे लागले. दोन्ही वेळा मी ते थुंकून टाकले, कारण या कुलातील पाने खाऊन गुरांना विषबाधा झाल्याचे दाखले आहेत.

कोरफड आणि स्नेक प्लांट हीदेखील याच रिवाजाची झाडे. ‘हे झाड रात्री प्राणवायू देते’ अशी जी जाहिरात रोपवाटिकांतून सर्रास होते ती मात्र खरी नव्हे. रात्री ती वायू आत घेतात, प्राणवायू सुटतो तो उजेडातच.

तेव्हा तुळशीला भल्या सकाळी भरपूर पाणी घालावे, मातीवर उसाच्या पाचटाचा थर द्यावा, आणि काळ्या प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा माठासारखी झिरपणारी मातीची कुंडी पसंत करावी. पानफुटीच्या मातीत मात्र दोन पेरे बोट घालून ती कोरडी लागेपर्यंत पाणी तहकूब ठेवावे. पाण्याने गच्च भरलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. भगिनींनी कुजलेल्या झाडाचे एखादे टणक पान शोधून सावलीत ओलसर रेतीवर नुसते टेकवून ठेवावे. त्याच्या कडेच्या खाचांतून इवली रोपे डोके वर काढतील, आणि ती मुळे धरू लागली की निराळ्या कुंडीत, तुळशीच्या गळतीपासून हातभर दूर, लावावीत.