बाविसाव्या गुणसूत्राचा हरवलेला तुकडा

रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर गुणसूत्रांची बरीच पडझड दिसते. ही पडझड रोगामुळे होते, की रोगच तिच्यातून जन्माला येतो? १९७०च्या आसपास बहुतेक जाणकारांचा कौल पहिल्या बाजूला होता. तो फिरवण्यात सगळ्यात मोठा वाटा शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांचा.

१९२५ साली जन्मलेल्या राउलींना शिकागो विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी वर्षभर थांबावं लागलं, कारण ६५ जणांच्या वर्गात मुलींना जागा तीनच आणि त्या भरलेल्या. १९४८ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचं लग्न झालं. पुढे चार मुलगे झाले. मुलं लहान असताना त्या आठवड्यातले काही दिवसच काम करत, तेही डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या दवाखान्यात. या सिंड्रोममागे एकविसाव्या गुणसूत्राची जास्तीची प्रत असते, हे १९५९ मध्ये कळलं आणि राउलींना गुणसूत्रांची ओढ लागली. त्यांचा अभ्यास त्यांनी ऑक्सफर्डला जाऊन केला.

फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना १९६० मध्येच एक धागा सापडला होता. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल हा रक्ताचा कर्करोग झालेल्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र आखूड दिसत होतं. त्याचा तुटलेला तुकडा नाहीसा झाला, असंच धरून चालत. त्या काळी गुणसूत्रं ओळखायची ती आकारावरून, आणि एकविसावं व बाविसावं दिसायला जवळपास सारखं. मग क्विनॅक्रिन हे चकाकणारं रंगद्रव्य आलं. त्याने प्रत्येक गुणसूत्रावर स्वतःचे वेगळे पट्टे उमटू लागले. राउली हे तंत्र ऑक्सफर्डमध्येच शिकल्या.

शिकागोला परतल्यावर गुणसूत्रांचे फोटो त्या घरी आणत आणि जेवणाच्या टेबलावर कात्रीने कापून जोड्या लावत बसत. आई कागदाच्या बाहुल्या खेळते, म्हणून मुलं चिडवायची. त्याच टेबलावर १९७२ मध्ये उत्तर सापडलं. सीएमएलच्या रुग्णांत बाविसावं गुणसूत्र जेवढं आखूड, साधारण तेवढंच नववं लांब झालेलं! तुकडा नष्ट झालाच नव्हता, दुसरीकडे जाऊन जोडला गेला होता. त्याआधी त्यांना दुसऱ्या एका ल्युकेमियात आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांत अशीच अदलाबदल दिसली होती. सीएमएलवरचा लेख जून १९७३ मध्ये ‘नेचर’मध्ये आला.

शंका लगेच मिटल्या नाहीत. पण १९७७ मध्ये तिसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियात पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांची अदलाबदल निघाली. रोगाचा प्रकार बदलला की गुणसूत्रांची जोडी बदलते, आणि एका प्रकारात तीच जोडी रुग्णामागून रुग्णात दिसते. नुसती पडझड अशी शिस्त पाळत नाही. माझ्या मते राउलींचं खरं मोठेपण हे नेम ओळखण्यात आहे.

१९८०च्या दशकात जनुकांपर्यंत पोहोचता आलं. सीएमएलमधल्या अदलाबदलीत नवव्यावरचं एबीएल हे जनुक बाविसाव्यावरच्या बीसीआरला जाऊन चिकटतं. एरवी गरजेपुरतंच काम करणारं एबीएलचं विकर मग बटण अडकल्यासारखं कायम चालू राहतं आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. नेमकं हेच विकर अडवणारी गोळी म्हणजे इमॅटिनिब. कर्करोगतज्ज्ञ ब्रायन ड्रुकर यांनी १९९८ मध्ये तिच्या रुग्णांवरील चाचण्या सुरू केल्या आणि मे २००१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. काही वर्षांत जीव घेणारा हा रोग पुष्कळ रुग्णांसाठी रोज गोळी घेऊन सांभाळता येण्यासारखा झाला. एप्रिल २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही गोळी बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीला या औषधाच्या सुधारित रूपाचं पेटंट नाकारलं. त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राउली गेल्या.

सीएमएलच्या रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी यातली एक गोष्ट मनावर घ्यावी. गोळी विकर अडवते, जोडलं गेलेलं जनुक दुरुस्त करत नाही. पांढऱ्या पेशींचा आकडा ठीक आला, अंगात बळ आलं, तरी सदोष मूळपेशी अस्थिमज्जेत असू शकतात. त्यांचा माग बीसीआर-एबीएलच्या रक्ततपासणीतूनच लागतो. अहवाल वर्षानुवर्षं उत्तम असलेल्या काही रुग्णांची गोळी डॉक्टर देखरेखीखाली थांबवतात. तो निर्णय त्यांच्यावरच सोडा, स्वतःच्या मनाने एकही दिवस गोळी चुकवू नका.