सुट्टीत घरं दुरुस्त करायला गेलेली पोरं

अमेरिकेत शाळांना जूनच्या आसपास सुट्टी लागते. मग पुढचे दोन-अडीच महिने तिथल्या हायवेवर एक दृश्य हमखास दिसतं. एकामागोमाग तीन-चार पांढऱ्या व्हॅन चाललेल्या असतात. पेट्रोल पंपावर थांबल्या की आतून एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली वीस-पंचवीस पोरं भराभर बाहेर पडतात आणि पहिली धाव बाथरूमकडे घेतात. ही असते एखाद्या चर्चच्या युवा शाखेची मंडळी. आठवडाभर कुठल्यातरी शहरात जाऊन घरं रंगवायची, गवत कापायचं, अन्नछत्रात वाढायचं, रात्री चर्चच्या हॉलमध्ये जमिनीवर झोपायचं आणि परत यायचं. तिकडे याला 'मिशन ट्रिप' किंवा 'सर्व्हिस ट्रिप' म्हणतात.

२०१४ च्या जुलैमध्ये अशाच एका व्हॅनच्या ड्रायव्हिंग सीटवर मी होतो. तेव्हा मी ह्यूस्टनला ऑनसाइट होतो. टीममधला एक सहकारी त्याच्या चर्चच्या मुलांचं काम बघायचा. पंधरा सीटची व्हॅन चालवायला त्यांच्या विम्याच्या अटीप्रमाणे पंचवीसच्या वरचा चालक लागायचा, आणि त्यांना एक चालक कमी पडत होता. मी ख्रिश्चन नाही, असं सांगितल्यावर त्याने एवढंच विचारलं, "लायसन्स आहे ना?" त्यानंतर माझी पोलीस पडताळणी झाली आणि मुलांसोबत कसं वागायचं याचं दोन तासांचं प्रशिक्षणही झालं. त्यातला एक नियम मला फार आवडला. कुठल्याही मुलासोबत एकटा एकच मोठा माणूस असता कामा नये, कायम दोघं हवेत. आपल्या शिबिरांनी बाकी काही नाही तरी एवढं जरूर उचलावं.

हे आता लिहायचं कारण असं. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर आपली मंडळाची पोरं विश्वामित्रीकाठच्या सोसायट्यांत चिखल उपसायला गेली होती. तीच आता म्हणताहेत की येत्या मेमध्ये बाहेरगावी सेवेसाठी जाऊ या. त्यावर आपल्या एका ज्येष्ठ काकांनी विचारलं, "तिथल्या लोकांना तुमचा उपयोग काय?" काहींना ते लागलं. मला मात्र प्रश्न रास्त वाटला, कारण न्यू ऑर्लिन्समध्ये आठवडाभर माझ्याही डोक्यात तोच घोळत होता.

ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्स साधारण साडेपाचशे किलोमीटर. २६ मुलं, ६ मोठी माणसं, ३ व्हॅन. या शहराची गोष्ट थोडी सांगायला हवी, नाहीतर पोरं तिथे नऊ वर्षांनंतरही का जात होती ते कळणार नाही.

२९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना चक्रीवादळ आलं. पण शहर बुडालं ते मुख्यतः कालव्यांच्या संरक्षक भिंती फुटल्यामुळे. त्या भिंती लष्कराच्या अभियंता विभागाने बांधलेल्या होत्या. शहराचा जवळजवळ ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि काही भागांत ते पाणी आठवडे उलटले तरी उतरलं नाही. २००० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४ लाख ८४ हजारांच्या वर होती, २०१० मध्ये ती ३ लाख ४४ हजारांच्या आत आली. आम्ही गेलो तो लोअर नाइन्थ वॉर्ड म्हणजे बहुसंख्य कृष्णवर्णीय, कष्टकरी, आणि विशेष म्हणजे स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्या लोकांचा भाग. त्याच्या इंडस्ट्रियल कॅनॉलकडच्या, सगळ्यात जास्त मार बसलेल्या वस्तीत २००० साली १४ हजार माणसं राहत होती. दहा वर्षांनी तिथे ३ हजारसुद्धा उरली नव्हती.

मग सरकारने मदत दिली नाही का? दिली. 'रोड होम' नावाची मोठी योजना होती, एका घराला जास्तीत जास्त दीड लाख डॉलर. पण रक्कम ठरायची ती पुराआधीची घराची बाजारभावाने किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, यांपैकी जी कमी असेल तिच्यावर. वाचताना नियम निर्दोष वाटतो. आता असं बघा, दोन सारखीच घरं, दोन्हींचं नुकसान सारखंच. एक गोऱ्या वस्तीत, एक कृष्णवर्णीय वस्तीत. दुसऱ्याचा बाजारभाव मुळातच कमी, म्हणून त्याला मदत कमी. विटा-लाकडाचा भाव मात्र दोघांना एकच! यावर २००८ मध्ये खटला भरला गेला आणि २०११ मध्ये सुमारे ६ कोटी २० लाख डॉलरची तडजोड झाली. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला हे उदाहरण नेहमी आठवतं. कोडची एकच ओळ, 'दोन्हींतलं कमी ते घ्या'. टेस्टिंगमध्ये कुणालाही त्यात बग दिसला नसता.

दुसरी अडचण तर आपल्याकडे कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही. अनेक घरं आजोबांच्या किंवा पणजीच्या नावावर होती. ते माणूस गेलं, मुलं राहत राहिली, वारसनोंद कुणी केलीच नाही. पूर आला, मदतीच्या अर्जावर मालकीचा कागद मागितला, आणि तीन पिढ्या त्याच घरात काढलेल्या माणसाकडे स्वतःच्या नावाचा कागद नाही. सातबाऱ्यावर आजही पणजोबांचं नाव असलेली किती घरं आपल्यात आहेत, ते मोजून बघा.

आम्हाला मिळालं ते घर नदीकडच्या होली क्रॉस भागात होतं. ही बाजू थोडी उंचावर, त्यामुळे इथली बरीच घरं उभी तरी राहिली. शॉटगन पद्धतीचं घर, म्हणजे अरुंद आणि खोल, बोळ नाही, एका खोलीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत. बडोद्याच्या जुन्या पोळांत वाढलेल्यांना लगेच डोळ्यांपुढे येईल. मालकीणबाई सत्तरीच्या होत्या. मदतीचे पैसे उशिरा मिळाले, त्यातले बरेच एका कंत्राटदाराला आगाऊ दिले आणि तो अर्धवट काम टाकून पसार झाला. कॅटरिनानंतर हा प्रकार त्या शहरात सर्रास घडला. नऊ वर्षांत बाई आधी दुसऱ्या राज्यात भाच्याकडे आणि मग शहरातच भाड्याच्या खोलीत राहिल्या. रोज सकाळी मात्र आमच्या आधी घरासमोर येऊन खुर्ची टाकून बसायच्या.

काम काय होतं? जिप्समचे बोर्ड आधीच्या गटाने बसवून ठेवलेले. त्यांच्या सांध्यांवर पट्टी लावायची, पुट्टीसारखा लगदा भरायचा, वाळला की घासायचा, पुन्हा भरायचा. बाहेरच्या बाजूने खरवडून रंग. तिसऱ्या गटाला शेजारच्या ओस प्लॉटांवरचं माणूसभर गवत कापायचं काम. त्या गवतात पोरांना सिमेंटच्या तीन पायऱ्या सापडल्या. वर काहीच नाही. घर वाहून गेलेलं, पायऱ्या जागच्या जागी. त्या भागात अशा पायऱ्या ठिकठिकाणी होत्या. तोपर्यंत गवत कापायचं काम वाट्याला आलं म्हणून कुरकुर करणारी दोन मुलं त्यानंतर गप्पच झाली.

आम्हाला काम सांगणारी सुपरवायझर तेवीस वर्षांची मुलगी होती. अमेरिकॉर नावाच्या सरकारी योजनेत जेमतेम मानधनावर वर्षभर काम करत होती. पहिल्या दिवशी तिने दोन तास नुसतं शिकवलं. दुसऱ्या दिवशी एका खोलीतले सगळे सांधे घासून काढायला लावले, कारण पोरींनी लगदा फार जाड भरला होता. मला फ्रेड ब्रूक्स आठवले. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, हे त्यांनी १९७५ मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ'मध्ये लिहून ठेवलंय. आठवड्याचे कामाचे दिवस पाच, त्यातले दीड-दोन शिकण्यात जाणार. उरलेल्या तीन दिवसांत सोळा वर्षांची नवखी मुलं असं काय करणार, जे एक गवंडी करणार नाही?

बुधवारी दुपारी पाऊस आला. काम थांबलं, म्हणून आम्ही बर्फाचा गोळा खायला गेलो. तिकडे त्याला 'स्नोबॉल' म्हणतात. बर्फ आपल्यापेक्षा मऊ, पण कालाखट्ट्याची सर कशालाच नाही. तिथे मी सुपरवायझरला सरळ हिशेब विचारला. मुलामागे ४०० डॉलर खर्च, म्हणजे १० हजारांच्या वर. तेवढ्यात इथलेच दोन-तीन बेकार रंगारी महिनाभर कामाला लागले नसते का? ती हसली. म्हणाली, हा प्रश्न मला दर आठवड्याला विचारला जावा असं वाटतं. मग तिने सांगितलं की त्या पैशातला ठरलेला भाग सामानासाठी संस्थेकडे जातो आणि वायरिंग-प्लंबिंगला स्थानिक परवानाधारक माणसंच असतात, त्यांची मजुरी त्यातूनच निघते. आणि ही पोरं येणार नसती, तर त्यांच्या गावातल्या लोकांनी ते पैसे दिलेच नसते. हे मला पटलं. पोरांनी गाड्या धुवून आणि केक विकून पैसे जमवलेले मी स्वतः पाहिले होते. आजी-आजोबांनी खिशात हात घातला तो न्यू ऑर्लिन्ससाठी नव्हे, नातवासाठी.

पण सगळ्याच ट्रिपा अशा नसतात. इव्हान इलिच या विचारवंताने १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवेला आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोरच उभं राहून सुनावलं होतं की बघायला या, शिकायला या, पण मदत करायला म्हणून येऊ नका. रॉबर्ट लप्टन यांनी आयुष्यभर अटलांटात गरीब वस्तीत काम केलं, तेही चर्चच्याच माध्यमातून. 'टॉक्सिक चॅरिटी' या २०११ च्या पुस्तकात त्यांनी मेक्सिकोतल्या एका चर्चची हकीकत दिली आहे. एकाच उन्हाळ्यात सहा वेगवेगळ्या गटांनी ते सहा वेळा रंगवलं! येणाऱ्यांना काम हवं होतं, म्हणून काम काढलं गेलं.

माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. आमच्या घराची निवड आम्ही केली नव्हती. वर्षभर तिथे राहणाऱ्या संस्थेकडे घरांची यादी होती, कुणाचे मालकीचे कागद वकिलाकडे अडकलेत याची नोंद होती, आणि कुठल्या आठवड्यात कुठलं काम हे ठरलेलं होतं. आम्ही त्या वेळापत्रकातला एक चौकोन होतो. आधीच्या गटाने बोर्ड बसवले, आम्ही सांधे भरले, पुढचा गट रंग लावणार होता. आमच्यातल्या कुणालाच 'आम्ही घर बांधलं' असं म्हणता येणार नव्हतं.

धर्माचं काय, हा प्रश्न मला घरी आल्यावर सगळ्यात जास्त विचारला गेला. रात्री जेवणानंतर प्रार्थना असायची, मी मागे बसायचो. पोरं गोल करून दिवसातला एक चांगला आणि एक वाईट क्षण सांगायची, तेव्हा माझीही पाळी यायची. घरमालकांना धर्माबद्दल काही विचारायचं नाही, हा संस्थेचा लेखी नियम होता. उपदेश हाच मुख्य हेतू असलेल्या ट्रिपाही असतात, पण ही तशी नव्हती.

गुरुवारी एक प्रसंग घडला. समोरच्या भिंतीवर स्प्रेने काढलेली मोठी फुली होती. पुरानंतर शोधपथकं प्रत्येक घरावर ती काढायची. डावीकडे पथकाचं नाव, वर तारीख, उजवीकडे धोके, आणि खाली आत सापडलेल्या माणसांचा आकडा. या घरावर खाली शून्य होता. दोन मुलं ब्रश घेऊन तिथवर आली तेव्हा बाई खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या की तेवढं राहू दे. एका मुलाने विचारलं, ते बघून वाईट नाही वाटत? बाईंनी बोटाने पलीकडचा, गवत कापलेला प्लॉट दाखवला. तिथला आकडा शून्य नव्हता. त्या घरात त्यांची शेजारीण राहायची, आणि दोघींच्या रोजच्या चहा-कॉफीच्या गप्पा त्या पायऱ्यांवर व्हायच्या. मग अर्धा तास काम बंद पडलं आणि बाई बोलत राहिल्या. सुपरवायझरने घड्याळ पाहिलं, पण कुणाला उठवलं नाही. पुढच्या वसंतात बाई घरात राहायला गेल्या, असं सहकाऱ्याने कळवलं. फोटोत भिंत फिकट पिवळी आहे आणि फुलीभोवतीचा चौकोन तसाच ठेवलाय.

आपल्याला हे काही नवं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात भरत आली आहे, तीही मूल तालुक्यातल्या रखरखत्या उन्हात. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर आपल्यातल्या निम्म्यांनी केलंय. ती योजना १९६९ ची. अमेरिकेत शाळकरी मुलांकडून गरिबांची घरं दुरुस्त करून घेणारा अ‍ॅपलेशिया सर्व्हिस प्रोजेक्टही त्याच वर्षीचा, हा एक गमतीशीर योगायोग. आणि गाडगेबाबा तर गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, कीर्तन रात्री.

तेव्हा काकांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की उपयोग होतो, पण ठिकाण आपण ठरवून होत नाही. युवा विभागाने 'कुठे जायचं' याचं मतदान ठेवलंय, ते आधी थांबवावं. त्याऐवजी दोन-तीन ठिकाणी पत्र लिहून विचारावं की मेमध्ये तुमच्याकडे वीस अकुशल हातांचं काम आहे का, आम्ही गेल्यावर ते पुढे कोण नेणार, आणि सामानाचे किती पैसे आणायचे. 'नको, या वर्षी काम नाही' असं उत्तर आलं, तर ते खरं मानून घरी बसावं. विश्वामित्रीकाठी पावसाळ्याआधी गटारं मोकळी करायचं काम आहेच, त्यासाठी व्हॅनसुद्धा लागत नाही.

बाहेरगावी जायचं ठरलंच, तर गाडी चालवायला मी तयार आहे. दुसरा मोठा माणूस मात्र सोबत हवा.