चेहरा बिघडवायचा, पण विचार करून!

एक्स्प्रेशनिस्ट पोर्ट्रेट पाहिलं की बहुतेकांची प्रतिक्रिया ठरलेली असते, "हे तर माझा धाकटा भाऊपण काढेल!" नाक वाकडं, गाल हिरवा, एक डोळा वर, एक खाली. पण मित्रांनो, यातली प्रत्येक 'चूक' ठरवून केलेली असते. ती कशी ठरवायची, हेच तर शिकायचं असतं.

आधी थोडा इतिहास. १९०५ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात किर्शनर, हेकेल, श्मिट-रोटलुफ आणि ब्लाइल या चौघांनी एक ग्रुप काढला. चौघंही तिथल्या टेक्निकल कॉलेजात आर्किटेक्चर शिकलेले, वय वीस ते पंचवीस! ग्रुपचं नाव 'डी ब्रुके', म्हणजे 'पूल'. सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

याच किर्शनरने १९१५ साली सैनिकाच्या वेषातलं स्वतःचं पोर्ट्रेट केलं. त्यात त्याचा उजवा हात मनगटापासून तुटलेला आहे. प्रत्यक्षात हात शाबूत होता. पण लष्करात गेल्यावर मन खचलं आणि आपल्याला आता चित्र काढता येणार नाही ही भीती बसली. ती भीती फोटोत दिसली नसती, तुटलेल्या हातात दिसली.

आता प्रत्यक्ष काम. मॉडेल म्हणून रूममेट घ्या, तो हलत असेल तर आरसा घ्या. एका बाजूला टेबल लॅम्प लावा. बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून चेहऱ्याचा ढाचा काढा. मग डोळे किलकिले करून फक्त उजेड आणि सावली बघा, आणि तेवढीच भरा. ही पायरी गाळू नका. उजेड-सावली बरोबर असेल तर हिरवा गालसुद्धा गालच वाटतो. ती चुकली तर गुलाबी गालही पुठ्ठ्यासारखा दिसतो. शंका आली तर मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून तपासा.

त्यानंतर स्वतःला एकच प्रश्न विचारा: या चेहऱ्यात मला काय जाणवतंय? समजा, सबमिशनच्या आदल्या रात्रीचा थकवा. मग डोळ्यांखाली जांभळा, शेजारी त्याचा विरोधी रंग पिवळा, मान थोडी लांब आणि झुकलेली. बस्स! बाकीचं प्रमाण जागेवर राहू द्या. सगळंच वाकडं केलं तर काहीच वाकडं वाटत नाही.

आपल्या गोव्यात जन्मलेल्या एफ. एन. सूझा यांची माणसं बघा. जाड काळ्या रेषा, डोळे कधीकधी थेट कपाळावर! तरी चेहऱ्यातला राग चटकन पोचतो.

यासाठी ऑइल कलरच का? कारण तो पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू पॉलिमर बनतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशीही रंग बहुधा ओला असतो. पटलं नाही तर नाइफने खरवडा, पुन्हा लावा. नियम एकच: खालचे थर टर्पेंटाइनचे पातळ, वरचे जास्त तेलाचे. उलट केलंत तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडे जातात.

होस्टेलवाल्यांसाठी खास सूचना! तेल वाळताना उष्णता निघते. तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा. टर्पेंटाइनच्या वासाने डोकं दुखतं, शिवाय ते पटकन पेटतं.

चित्र पूर्ण झालं की मित्राला दाखवा. "माझ्यासारखं दिसतंय का?" असं त्याने विचारलं तर अजून काम बाकी आहे. "मी इतका दमलेलो दिसतो का रे?" असं विचारलं, तर समजा की जमलं!