टीव्हीखालचा कॉम्प्युटर गप्प का बसत नाही?

नांदेड असो की लातूर, कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन ‘हॉलमधल्या टीव्हीला जोडायला एक मशीन पाहिजे, आवाज नको आणि फार महागही नको’ असं म्हटलं की हमखास विचारलं जातं, ‘ग्राफिक कार्ड कोणतं टाकू?’ घोळ इथूनच सुरू होतो.

४के सिनेमा बघायला वेगळं ग्राफिक कार्ड लागतं, हा या व्यवहारातला सगळ्यात महागडा गैरसमज. ते कार्ड गेम आणि व्हिडिओ एडिटिंगवाल्यांसाठी. सिनेमाची फाइल आवळून लहान केलेली असते आणि ती उलगडायचं काम प्रोसेसरमधलाच एक छोटा, स्वतंत्र भाग करतो. फाइल ज्या पद्धतीने आवळली आहे ती त्या भागाला येत असेल, तर मशीनला घामही फुटत नाही. येत नसेल, तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, तो तापतो आणि पंखा बोंबलायला लागतो. आवाज पंख्याचा, पण मूळ दुखणं चिपचं. त्यामुळे शांत मशीनची निवड पंख्यापासून नाही, प्रोसेसरपासून करायची.

इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर एचईव्हीसी पद्धतीने आवळलेला दहा बिटांचा व्हिडिओ नीट पेलत नाही, सातव्या पिढीपासून तो पेलतो. एव्ही१ ही नवी पद्धत अकराव्या पिढीपासून आली. २०२३ मध्ये बाजारात आलेली एन१०० ही चिप तर फक्त ६ वॅटची, चार कोअरची. पण एव्ही१सह नेहमीच्या सगळ्या पद्धती उलगडते. तिच्यावरचे तळहाताएवढे मिनी पीसी हॉलमधल्या टीव्हीसाठी पुरून उरतात. एक सापळा मात्र ओळखून ठेवा. इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नंबराशेवटी ‘एफ’ असतो, त्यात ग्राफिक्स नसतंच. तो थोडा स्वस्त पडतो, म्हणून गळ्यात मारला जातो आणि मग कार्ड घ्यावंच लागतं.

‘आम्हाला काय, पोरांची लेक्चरं अन् यूट्यूबच तर बघायचंय, कोणतंही जुनं मशीन चालेल.’ लातुरात, जिथे घरोघरी नीटची तयारी चालते, हे वाक्य फार ऐकू येतं. अर्धंच खरं आहे. यूट्यूबवर १०८०पीच्या वरचा व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतींमध्येच येतो, आणि त्या जुन्या चिपला येतीलच असं नाही. तपासायचं कसं? ४के व्हिडिओ लावा, त्यावर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा आणि ‘कोडेक्स’ची ओळ वाचा, कोणती पद्धत चालू आहे ते तिथे कळतं. मग विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खालच्या जीपीयूमध्ये ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख हलतोय का बघा. तो हलत असेल आणि सीपीयूचा आकडा खाली असेल, तर मशीन योग्य. आलेख मेल्यासारखा पडलेला आणि सीपीयू नव्वद टक्क्यांवर, तर ते मशीन दुकानातच राहू द्या.

ऑफिसमधून निघालेले जुने, छोटे ब्रँडेड पीसी वाईट नसतात. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी तरी लागते, म्हणून सहाव्या-सातव्या पिढीची मशीनं स्वस्तात गळ्यात पडतील. आठवीच्या खाली उतरू नका.

आता पंखे. ‘जास्त पंखे, जास्त आवाज’ हेही चूक. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून १२० मिलिमीटरचे दोन संथ पंखे एका छोट्या, भरधाव पंख्यापेक्षा कितीतरी शांत. याच्या उलट टोकाचा हट्ट म्हणजे ‘पंखाच नको’. चिपचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं, आणि मे महिन्यात नांदेडचा पारा ४२च्या पुढे जातो. त्यात मशीन टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबलेलं. बिनपंख्याचं मशीन एसीच्या खोलीत शोभतं. आपल्याकडे एक मोठा, संथ पंखा आणि मागून उघडा कप्पा बरा. डेझर्ट कूलरच्या झोतात तर मशीन ठेवूच नका. ओल्या हवेत फुफाटा मिसळला की हीटसिंकच्या पट्ट्यांवर त्याचा लेप बसतो. (तसं मे महिन्यात कूलरच इतका घरघरतो की कॉम्प्युटरचा आवाज कोणाला ऐकू येणार! शांततेची खरी परीक्षा थंडीतल्या रात्री.) होळीनंतर एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा धूळ काढली की पुरे. पाण्यावरचं कूलिंग या कामाला नकोच. त्यात पंप आणि पंखे दोन्ही वाजतात.

कॅबिनेटवालं मशीन जोडून घेणार असाल, तर मोठा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) म्हणजे मोठं बिल, ही समजूतही सोडा. मशीन मागेल तेवढीच वीज तो ओढतो. पण ७५० वॅटची गरज नाही, ८० प्लसची खूण असलेला ४५० वॅटचा भरपूर झाला. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा नको, त्याचा पंखा पहिल्या दिवसापासून घुमतो. घरात स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्यावर छताचा पंखा जसा घूं घूं करतो, तसा चांगला एसएमपीएसही गुणगुणतो, कधी बंदही पडतो. साइन वेव्ह असेल तर ही कटकट नाही.

मशीनमध्ये छोटी एसएसडी टाका. सिनेमांचा साठा असलेली हार्ड डिस्क दुसऱ्या खोलीत राउटरला जोडता येते. खरखर तिथेच राहते.

आणि ज्यांना फक्त ओटीटीच बघायचं आहे, त्यांनी यातलं काहीच घेऊ नये. संगणकावर नेटफ्लिक्सचं ४के मिळवायला ठरावीक ब्राउझर किंवा ॲप, कॉपी रोखणाऱ्या एचडीसीपी २.२ची साखळी आणि वरचा प्लॅन, हे सगळं जुळावं लागतं. इतर सेवांचं गणित वेगळंच. टीव्हीच्या मागे खोचायची स्ट्रीमिंग स्टिक तेच काम बिनबोभाट करते, आणि तिला पंखाच नसतो. घरचे व्हिडिओ, साठवलेले सिनेमे, मुलांचा अभ्यास आणि मोठ्या पडद्यावर ब्राउझर हवा असेल, तरच कॉम्प्युटरवर पैसे घाला.