सहाशे मिमीचे गौडबंगाल

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावातून हिवाळ्यात पहाटे होड्या सुटतात. होडीत चार जण असले तर तिघांच्या मांडीवर कॅमेरे असतात आणि रोहित पक्ष्यांचा थवा दिसेपर्यंत चौकशी एकच: लेन्स किती मिमीची? कोणी चारशे सांगतो, कोणी सहाशे. एखादा आपल्या न निघणाऱ्या लेन्सच्या कॅमेऱ्यावर हात ठेवून ‘तीन हजार’ म्हणतो आणि बाकीचे गप्प होतात. तो थापा मारत नसतो. २०१८ साली आलेल्या निकॉन कूलपिक्स पी१००० या कॅमेऱ्याची जाहिरात २४ ते ३००० मिमी अशीच होती. फक्त त्याच्या लेन्सवर कोरलेला आकडा वेगळा आहे: ४.३ ते ५३९.

तीन हजार आणि ५३९ यांच्यातली तफावत सेन्सरच्या आकारातून येते.

लेन्सच्या मागे पक्ष्याची प्रतिमा किती मोठी पडेल, हे पक्ष्याचे अंतर आणि लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे तिचा मिमीतला आकडा, यांवरच ठरते. तिथे सेन्सरचा काही संबंध नाही. आपला नेहमीचा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे २८ सेंमीचा. तो ३० मीटरवर तारेवर बसलेला असेल, तर ४०० मिमी लेन्स त्याची जेमतेम पावणेचार मिमीची प्रतिमा तयार करते. मागे सेन्सर कोणताही असो, खंड्या पावणेचार मिमीचाच राहतो. बदलते ती भोवतालची चौकट. ३६ मिमी रुंदीच्या ‘फुल फ्रेम’ सेन्सरवर तो रुंदीचा दहावा हिस्सा व्यापतो, तर साडेतेवीस मिमीच्या ‘एपीएस-सी’ सेन्सरवर सहावा. छोट्या सेन्सरने पक्षी जवळ आणलेला नसतो, त्याने कडेचे आभाळ कापून टाकलेले असते.

फुल फ्रेमचे ३६ बाय २४ मिमी हे माप आले सिनेमाच्या फिल्मवरून. जर्मनीतल्या लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाकने ३५ मिमी सिनेफिल्म आडवी फिरवली, १८ बाय २४ची चौकट दुप्पट केली आणि त्यातून निघालेला लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला. पुढची कित्येक दशके हेच माप रुळले. डिजिटल युगात एवढा मोठा सेन्सर बनवणे सुरुवातीला फार महाग पडे, म्हणून १९९९ सालच्या निकॉन डी१सारख्या कॅमेऱ्यांत लहान सेन्सर बसवले गेले. पण छायाचित्रकारांच्या डोक्यात हिशेब फिल्मचाच पक्का होता. त्यामुळे कोणत्याही सेन्सरवरची चौकट ‘फुल फ्रेमच्या भाषेत’ सांगायची पद्धत पडली. एपीएस-सीवर फोकल लेंग्थला दीडने गुणायचे (कॅननच्या बाबतीत १.६ने), मायक्रो फोर थर्ड्स या आणखी लहान सेन्सरवर दोनने. पी१०००चा सेन्सर सव्वासहा मिमीहूनही थोडा अरुंद आहे, तिथे गुणक साडेपाचच्या वर जातो आणि ५३९चे तीन हजार होतात.

मग ‘क्रॉप सेन्सरने रीच वाढतो’, म्हणजे छोट्या सेन्सरने लांबचे जवळ येते, हे होडीत ऐकू येणारे वाक्य निव्वळ भ्रम आहे का? अगदीच तसे नाही. दोन्ही सेन्सर २४ मेगापिक्सेलचे असतील, तर छोट्यावर पिक्सेल दाटीने बसलेले असतात. आपल्या खंड्याच्या लांबीत फुल फ्रेमवर सुमारे सव्वासहाशे पिक्सेल मावतात आणि एपीएस-सीवर साडेनऊशे. पिसांचे बारकावे टिपायला हा फरक कामाचा आहे. मात्र ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर हाच आकडा साडेआठशेच्या आसपास जातो आणि छोट्या सेन्सरची आघाडी बरीचशी आटते.

दुकानात सहसा न विचारला जाणारा खरा प्रश्न वेगळा आहे: प्रकाश आत शिरतो ते दार किती रुंद? फोकल लेंग्थला एफ आकड्याने भागले की उत्तर मिळते. ४०० मिमी एफ ५.६ म्हणजे ७१ मिमी. पी१००० पूर्ण झूमवर ५३९ मिमी एफ ८, म्हणजे ६७ मिमी. त्या खंड्याकडून येणारा प्रकाश दोन्हींत जवळपास सारखाच शिरतो. बारकाव्यांचेही तसेच. छिद्रातून जाताना प्रकाश थोडा पसरतो, त्यामुळे टाचणीच्या टोकाएवढा बिंदूही सेन्सरवर वर्तुळ होऊन पडतो. एफ ८ला हे वर्तुळ ०.०१ मिमीच्या आसपास असते आणि पी१०००च्या पिक्सेलची रुंदी त्याच्या आठव्या हिश्शाइतकी. पिक्सेल आहेत, पण त्यांना टिपायला नवे काही उरत नाही. म्हणून हा कॅमेरा ना फसवणूक, ना चमत्कार. स्वस्तातली ती ६७ मिमी दाराची लेन्स आहे. बसलेला पक्षी आणि पौर्णिमेचा चंद्र यांसाठी उत्तम, झेपावणाऱ्या पक्ष्यामागे धावताना मात्र तिचा फोकस दमतो.

हीच भागाकाराची कसोटी महागड्या लेन्सना लावली की किमतींचा उलगडा होतो. ६०० मिमी एफ ४चे दार १५० मिमी रुंद. एवढ्या मोठ्या निर्दोष काचा घडवायच्या म्हणजे वजन तीन किलोंच्या वर आणि किंमत लाखांत. टॅमरॉनची १५०-६०० मिमी झूम दुसऱ्या टोकाला एफ ६.३, म्हणजे ९५ मिमी, वजन दोन किलोंच्या आसपास. हौशी पक्षीछायाचित्रकारांना सहाशेची चौकट परवडू लागली ती अशाच झूम लेन्समुळे. कॅननची ६०० मिमी एफ ११ किलोभराचीही नाही, कारण तिचे दार केवळ ५५ मिमी आहे. लख्ख उन्हात ती गोड फोटो देते, झाडीतल्या अंधारात तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. निकॉनच्या ५०० मिमी एफ ५.६ पीएफने मधला रस्ता काढला. दीपगृहांच्या भिंगांसाठी ज्याचे नाव घेतले जाते त्या फ्रेनेलच्या तत्त्वावरचा एक भाग तिच्यात बसवला आहे, त्यामुळे ८९ मिमीचे दार असूनही ती दीड किलोच्या आत राहिली.

मोठा आकडा सगळीकडे उपयोगी पडतो असेही नाही. ताडोबात जिप्सीपासून १५ मीटरवर वाघ आला, की फुल फ्रेमवरची ६०० मिमी लेन्स जेमतेम ९० सेंमी रुंदीची चौकट पकडते. वाघाचे डोके येते, वाघ येत नाही. तिथे १००-४००ची झूम आणि ती जिप्सीच्या कडेवर टेकवायला बीन बॅग हीच जोडी शहाणपणाची. वानखेडेवर दिवस-रात्र सामना टिपणारे सीमारेषेबाहेरून ४०० मिमी एफ २.८ वापरतात. ७० मीटरवरचा फलंदाज त्यांच्या सेन्सरवर फक्त दहा मिमी उंच दिसतो, पण विद्युतझोतात चेंडू गोठवण्याइतका शटर स्पीड त्यांना १४३ मिमीच्या दारामुळेच मिळतो. लेन्समधले स्थिरीकरण हाताचा कंप थोपवते, चेंडूचा किंवा पंखांचा वेग नाही.

टेलिकन्व्हर्टरबद्दल विक्रेते फार उत्साहाने बोलतात. १.४चा जोडला की ६०० मिमीची लेन्स ८४० मिमी होते आणि एफ ६.३चा एफ ९ होतो. भागाकार करून पाहिला तर दाराची रुंदी होती तेवढीच राहते. पिक्सेल मोठे असतील तर त्याचा फायदा दिसतो, दाट असतील तर फारसा नाही, आणि एफ ९वर सकाळच्या मंद उजेडात अनेक कॅमेऱ्यांचा फोकस घुटमळतो. पुण्या-मुंबईत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. तेव्हा आपल्याच कॅमेऱ्यावर एकदा कन्व्हर्टर लावून आणि एकदा काढून एकाच पक्ष्याचे फोटो घ्यावेत, दुसरे पहिल्याएवढे मोठे करून शेजारी ठेवावेत आणि मगच पैसे मोजावेत.