कॉटरीचा आकडा आणि धमनीचं अस्तर

इंझोरी गावात कुणाची बायपास झाली की चौकशी ठरलेली असते: ब्लॉक किती होते, खर्च किती आला, नागपूरला केली की अकोल्याला? ग्राफ्ट कुठला लावला, म्हणजे ब्लॉकला वळसा घालायला कुठली रक्तवाहिनी जोडली, हे सहसा कुणी विचारत नाही. पुढची पंधरा-वीस वर्षं मात्र बरीचशी त्यावरच ठरतात.

पायातली शीर काढायला सोपी. पण दहा वर्षांत अशा ग्राफ्टपैकी जवळपास निम्मे बंद पडतात. छातीच्या हाडामागून उतरणारी डावी धमनी, सर्जन मंडळींची ‘लिमा’, तेवढ्याच काळात दहापैकी नऊ जणांत वाहती राहते. लेनिनग्राडच्या वासिली कोलेसॉव्ह यांनी ती १९६४ मध्येच हृदयाला जोडली होती. तिचं बळ आतल्या अस्तरात आहे. पेशींचा एकच थर, पण तो नायट्रिक ऑक्साइड सोडतो, म्हणून धमनी सैल राहते आणि आत गुठळी सहजी धरत नाही.

दोन-तीन मिलिमीटरची ही नळी छातीच्या भिंतीपासून सोडवायची ती कॉटरीनं, म्हणजे विजेनं ऊती तापवून कापणाऱ्या यंत्रानं. १९२६ मध्ये बोस्टनला हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांचं हे यंत्र मेंदूच्या शस्त्रक्रियेत प्रथम वापरलं. वीज सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलते, त्यामुळे पेशंटला झटका बसत नाही. टोकाजवळची ऊती तेवढी तापते. साठ अंशांच्या पुढे प्रथिनं गोठतात आणि रक्त थांबतं. शंभराला पेशीतलं पाणी उकळतं.

म्हणून लिमाजवळ पॉवर कमी ठेवतात. पण यंत्रावरचा आकडा वॅटचा असतो, तापमानाचा नव्हे. मंद आचेवर भाकरी फार वेळ राहिली तर आतपर्यंत वाळते; तसंच कमी वॅटवर टोक टेकवून ठेवलं तर उष्णता धमनीच्या भिंतीत उतरते. टोकावर काजळी धरली की वीज नीट जात नाही आणि पॉवर वाढवायचा मोह होतो. आधी टोक पुसावं, हेच बरं.

खरा धोका धमनीच्या फांद्यांचा. मोकळ्या केलेल्या बारीक फांदीतून वीज एकवटून वाहते आणि रक्तातून मूळ धमनीपर्यंत पोचू शकते. त्यामुळे धमनीच्या बाजूला बारीक क्लिप लावायची आणि कॉटरी छातीच्या भिंतीकडच्या टोकाला, ही पद्धत मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

हाताळणीनं किती फरक पडतो, ते मनगटाकडच्या रेडियल धमनीनं दाखवलं. पॅरिसच्या अलँ कार्पांतिए यांनी १९७१ च्या सुमारास ती वापरली, पण ग्राफ्ट आकसून बंद पडू लागले आणि त्यांनी नाद सोडला. पुढे काही जुने ग्राफ्ट चक्क वाहते सापडले. मग धमनी हळुवार काढून, आकसणं टाळणारी औषधं देऊन १९८९ पासून ती पुन्हा वापरात आली.

बायपास झालेल्यांनी बिडी आणि खर्रा दोन्ही सोडावेत. सर्जननं कॉटरीपासून जपलेल्या त्याच अस्तराला तंबाखू रोज इजा करतो.